‘बुद्ध म्हणजे नववा अवतारच ना?’ – लग्न ठरत असलेल्या मुलाच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. यांचं घर वारकरी, मुलगी बौद्ध, दोघांचं जमलंय आणि घरचेही तयार आहेत. बैठकीत यांच्या आई अगदी चांगल्या मनाने म्हणाल्या की बुद्ध म्हणजे आपल्या विष्णूचा नववा अवतारच की, सगळं एकच आहे, मग लग्न आपल्या पद्धतीने लावलं तर कुठे बिघडलं. त्यावर मुलीचे वडील गप्प झाले आणि चहा अर्धा ठेवून उठले. आता हे विचारतायत की दोन्ही धर्मांत नेमकं साम्य काय आणि फरक काय, म्हणजे दोन्हीकडे नीट बोलता येईल.

मी कॉलेजात बरीच वर्षं पाली शिकवली, त्याआधी संस्कृत केलं, त्यामुळे दोन्हीकडचे ग्रंथ हाताखालून गेलेत. हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचाच. काही मुलं विचारायची ‘मॅडम, शेवटी सगळं एकच ना?’ आणि काही ‘मॅडम, यांचा त्यांचा काहीच संबंध नाही ना?’ दोघांनाही मी नाही म्हणायचे आणि दोघंही नाराज व्हायचे.

तुमच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक तत्त्वज्ञानाचा, की बुद्ध काय म्हणाला आणि उपनिषदं, गीता काय म्हणतात. दुसरा असा की ‘एकच आहे’ हे वाक्य कोण कोणाला म्हणतंय. मुलीचे वडील पहिल्या प्रश्नामुळे उठलेले नाहीत. पण पहिला समजल्याशिवाय दुसरा नीट कळत नाही, म्हणून आधी तोच घेते.

त्याआधी एक गोष्ट. कुठला हिंदू आणि कुठला बौद्ध यावर बरंच अवलंबून आहे. काठमांडूची कुमारी घ्या, ती शाक्य म्हणजे बौद्ध घरातली मुलगी असते, तिला तलेजू देवीचं रूप मानतात आणि नेपाळचे हिंदू राजे तिच्याकडून टिळा लावून घ्यायचे. श्रीलंकेत बुद्धविहाराच्या आवारात विष्णूचं देऊळ सहज सापडतं. तिथे कोणाला विचारलंत की तुम्ही हिंदू का बौद्ध, तर काही जण तुमच्याकडेच बघत बसतील. हिंदूंमध्येही सृष्टी निर्माण करणारा ईश्वर लागतच नाही म्हणणारी सांख्य आणि मीमांसा ही दर्शनं आहेत, आणि विठ्ठलाशिवाय पान न हलणारं तुमचं घरही आहे. पण तुमची सासुरवाडी नेपाळातली नाही, महाराष्ट्रातली आहे, आणि इथल्या बहुतेक बौद्ध घरांची सुरुवात 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात झाली. ते शेवटी लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता साम्य. खूप आहे, आणि ते वरवरचं नाही. पंचशील घ्या: हिंसा नको, चोरी नको, व्यभिचार नको, खोटं नको, दारू वगैरे नशा नको. पतंजलीचे पाच यम घ्या: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. शेजारी शेजारी ठेवा, चार जवळपास जुळतात. पाचव्यात मजा आहे, योगी म्हणतो साठवू नको आणि बुद्ध म्हणतो शुद्धीवर राहा. (मला स्वतःला बुद्धाचा पाचवा जास्त प्रॅक्टिकल वाटतो, गावाकडची काही घरं पाहिल्यावर तर फारच.) पुढे जा, योगसूत्राच्या पहिल्याच पादात मन प्रसन्न ठेवायला चार भावना सांगितल्यात: मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. बौद्धांचे चार ब्रह्मविहार कुठले? मेत्ता, करुणा, मुदिता, उपेक्खा. तेच चार आणि त्याच ओळीने. हा योगायोग नाहीये. ध्यान करणारी माणसं एकमेकांकडून शिकत होती, वाद घालत होती, एकाच गावात भिक्षा मागत होती. खुद्द सिद्धार्थ घर सोडल्यावर आधी आलार कालाम आणि उद्दक रामपुत्त या दोन गुरूंकडे ध्यान शिकला, मग ते पुरेसं नाही म्हणून पुढे गेला.

कर्म, पुनर्जन्म, संसाराच्या फेऱ्यातून सुटका हेही दोन्हीकडे आहे. फक्त कर्माबद्दल बुद्धाचा भर वेगळ्या जागी आहे. तो सरळ म्हणतो ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’, म्हणजे मनातला हेतू यालाच मी कर्म म्हणतो. धम्मपदाच्या पहिल्या गाथेमागची गोष्ट वर्गात हमखास सांगायचे. चक्खुपाल नावाचे एक आंधळे थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, पहाटे चालताना त्यांच्या पायाखाली किडे मेले, बाकीच्या भिक्षूंनी तक्रार केली, आणि बुद्धाने विचारलं की तुम्ही त्यांना मारताना पाहिलंत का, जसं तुम्ही त्यांना पाहिलं नाही तसं त्यांनी किड्यांना पाहिलं नाही. विषय संपला. यज्ञाचा विधी एका मंत्राने चुकला तर फळ बिघडेल, असं मानणाऱ्या कर्मकांडाच्या अगदी उलट टोक आहे हे. पण म्हणून उपनिषदांना हे माहीतच नव्हतं असं म्हणू नका, बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी सांगतोच की पुण्यकर्माने माणूस पुण्यवान होतो आणि पापाने पापी. ‘ब्राह्मणी धर्म म्हणजे नुसते यज्ञ’ हेही अर्धवट वाचून म्हटलं जातं.

आता फाटा कुठे फुटतो? आत्म्यापाशी. हे जरा सावकाश वाचा.

सारनाथला पहिल्या पाच भिक्षूंना बुद्धाने जे दुसरं प्रवचन दिलं त्यात युक्तिवाद असा आहे की हे शरीर जर खरंच ‘मी’ असतं तर ते दुखलं नसतं, आणि मला त्याला सांगता आलं असतं की बाबा तू असा हो, असा होऊ नकोस. तसं सांगता येत नाही. मग सुखदुःखाची जाणीव, ओळखणं, मनाचे संस्कार, विज्ञान म्हणजे जाणणारं मन, एकेक करून सगळ्यांना तीच परीक्षा लावलीय आणि सगळ्यांचं उत्तर एकच, हे माझं नाही, हा मी नाही. आता याज्ञवल्क्य आठवा, तोही ‘नेति नेति’ म्हणत हेही नाही तेही नाही करत जातो. इथपर्यंत दोघं बरोबर चालतात, अगदी खांद्याला खांदा लावून. पण सगळं सोलून झाल्यावर याज्ञवल्क्य म्हणतो की जो हे सगळं पाहतोय तो उरतो, तोच आत्मा, तो मरत नाही. गीतेतलं ‘न जायते म्रियते वा कदाचित्’ तेच. बुद्ध तिथे असं काही उरतं म्हणत नाही. उलट, काहीतरी कायमचं उरतंय अशी पकड हेच दुःखाचं मूळ, असं त्याचं म्हणणं.

मग मुलं लगेच विचारायची की आत्माच नाही तर पुनर्जन्म कोणाचा? बरोबर प्रश्न आहे, आणि तो दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. मिलिंद नावाच्या ग्रीक राजाने भिक्षू नागसेनाला हेच विचारलं होतं. नागसेन म्हणतो, रात्रभर दिवा जळतो, पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच का? नाही. मग वेगळी का? तसंही नाही. तीही नाही आणि दुसरीही नाही, एकीमुळे दुसरी चालू राहिली एवढंच. पटो न पटो, पण गीतेत जुने कपडे टाकून नवे घालणारा जो कोणी आहे तो इथे नाहीच, हा फरक लक्षात आला की बाकीचे फरक आपोआप कळतात. मोक्ष आणि निर्वाण एकाच अर्थाने वापरणारे लोक हाच मधला भाग गाळतात.

गंमत म्हणजे आपल्याच परंपरेत हे जवळचं नातं लोकांना खुपलंय. शंकराचार्यांच्या मायावादाला पद्मपुराणात ‘प्रच्छन्न बौद्ध’ म्हणजे लपलेला बौद्ध म्हणून हिणवलंय. म्हणजे वेदान्त आणि बौद्ध मत किती जवळ आलंय हे विरोधकांनाही दिसत होतं, आणि तसं म्हणणं ही शिवी समजली जायची.

वेद आणि देव याबद्दल पटकन सांगते. वेद प्रमाण मानायचे की नाही यावर जुनी विभागणी आहे, मनुस्मृतीत ‘नास्तिको वेदनिन्दकः’ म्हटलंय, त्या हिशोबाने बौद्ध नास्तिक. देव नाहीत असं मात्र जुन्या बौद्ध ग्रंथांत नाही, इंद्र आहे, ब्रह्मा आहे, पण ते सृष्टी चालवत नाहीत. उलट ब्रह्मा सहंपति येऊन बुद्धाला विनंती करतो की लोकांना उपदेश कर. देवच माणसाकडे मागतोय, एवढ्यावरून जागा कळते.

आता जात. इथे मी तोलून मापून बोलणार नाही. बुद्धाचं वचन स्पष्ट आहे, ‘न जच्चा वसलो होति, न जच्चा होति ब्राह्मणो’, जन्माने कोणी हीन होत नाही आणि जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, कर्माने होतो. आणि नुसतं बोलून दाखवलं नाही, शाक्य राजपुत्र दीक्षा घ्यायला आले तेव्हा त्यांच्या उपाली न्हाव्याला आधी संघात घेतलं, म्हणजे हे राजपुत्र आयुष्यभर त्याला आधी नमस्कार करणार. हिंदू परंपरेत जन्मावरच्या उच्चनीचतेला विरोध झालाच नाही असं नाही, तुमच्या घरात रोज ज्यांचे अभंग म्हणतात त्या संतांनी केलाय. पण चोखोबांची समाधी देवळाच्या बाहेर, महाद्वाराशी आहे हे तुम्ही पंढरपूरला गेल्यावर पाहिलंच असेल, आणि तेच देऊळ सगळ्यांना उघडं व्हावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं.

पण म्हणून पूर्वी इकडचे आणि तिकडचे लोक कायम भांडत होते असं समजू नका. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा मोठा शिलालेख आहे, विद्यार्थ्यांना घेऊन गेले की मी तिथेच जास्त वेळ थांबवायचे. व्हरांड्यात मान वर करून वाचावा लागतो, ब्राह्मी लिपी, भाषा प्राकृत. त्यात ही सातवाहन राजमाता आपल्या मुलाला, गौतमीपुत्राला ‘एकबम्हण’ म्हणजे अद्वितीय ब्राह्मण म्हणते, त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला म्हणून कौतुक करते, आणि ते लेणं दान कोणाला देते, तर बौद्ध भिक्षूंना. एकाच लेखात! ज्या राजघराण्याने अश्वमेध केल्याचं नाणेघाटात कोरून ठेवलंय त्याच घराण्याची ही बाई. मुलं म्हणायची मॅडम हे कसं काय. अहो, राजकारण, व्यापार, श्रद्धा, घरातली बाईमाणसं, सगळं मिळून असंच असतं. पण यातून ‘बघा, एकच होतं’ असा निष्कर्ष काढू नका. भिक्षूंना लेणं देणारी राणी चातुर्वर्ण्याबद्दल भिक्षूंचं मत घेत नव्हती.

जुन्नरजवळ लेण्याद्रीला तुमच्याकडचे लोक अष्टविनायक करताना जातातच. गिरिजात्मज गणपती जिथे बसलाय तो बौद्ध विहार आहे, मधे एकही खांब नसलेलं मोठं दालन आणि बाजूने भिक्षूंच्या छोट्या छोट्या खोल्या, शेजारच्याच लेण्यात स्तूप. कार्ल्याला चैत्याच्या तोंडाशी एकवीरा आई. एकवीरा ज्यांची कुलदैवत आहे ती माणसं नवस फेडायला येतात, आणि पाठीमागे स्तूप शांत उभा. कोणी याला मिलाफ म्हणतं, कोणी कब्जा म्हणतं. माझं मत विचाराल तर प्रत्येक जागेचा इतिहास वेगळा काढावा लागतो, सरसकट एकच शब्द लावला की आपण इतिहास नाही, बाजू सांगतो.

आता येऊ नवव्या अवतारावर, कारण तुमचं घोडं तिथेच अडलंय.

आई म्हणाल्या ते त्यांनी मनाने बनवलेलं नाही. दशावतारात बुद्ध आहे, महाराष्ट्रातल्या जुन्या चित्रांत तर त्या नवव्या जागी विठ्ठलही दिसतो, त्यामुळे वारकरी घरात हे आपुलकीनेच म्हटलं जातं. जयदेवाने गीतगोविंदात बुद्धाला पशुहत्येची दया येऊन यज्ञाची निंदा करणारा म्हणून वंदन केलंय, तेही सुंदरच आहे. पण भागवत पुराणात त्याच अवताराचं कारण काय दिलंय ते बघा: ‘सम्मोहाय सुरद्विषाम्’, म्हणजे देवांचा द्वेष करणाऱ्यांना भुलवण्यासाठी. विष्णुपुराणात तर मायामोह येऊन असुरांना वेदांपासून दूर नेतो, म्हणजे मग ते मारले जावेत. थोडक्यात, बुद्ध आपला, पण त्याची शिकवण खोटी, आणि ती ऐकणारे असुर. आता हे ज्यांना माहीत आहे त्यांच्यासमोर ‘तो आमचाच अवतार’ म्हटलं तर ते कसं ऐकू येईल?

आणि मुलीच्या वडिलांना ते नक्की माहीत आहे. बाबासाहेबांनी 1935 साली येवल्याला जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, त्याआधी नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात काही वर्षं सत्याग्रह चालला होता. 1956 ला नागपुरात महास्थविर चंद्रमणींकडून दीक्षा घेतल्यावर त्यांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही अशा प्रतिज्ञा आहेत, आणि पाचवी प्रतिज्ञा बुद्ध विष्णूचा अवतार आहे हा खोटा आणि खोडसाळ प्रचार आहे अशीच आहे. म्हणजे आईंनी बैठकीत स्वागत म्हणून जे वाक्य म्हटलं, ते नेमकं त्यांच्या घरात नाव घेऊन नाकारलेलं वाक्य आहे. आईंचा दोष नाही, पण वडील उठले त्यातही काही नवल नाही. तुमच्यासाठी ‘एकच आहे’ म्हणजे या, आमच्यात या. त्यांच्यासाठी त्याचा अर्थ होतो की तुम्ही बाहेर पडलातच नाही, आम्ही मोजलंच नाही.

इथल्या बौद्ध धम्माची आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत असलेली बरी. वर मी जे पुनर्जन्म, देव वगैरे लिहिलं ते पाली ग्रंथांतलं. बाबासाहेबांनी त्यातलं बरंच नव्याने तपासलं, आत्मा नसताना कर्म आणि पुनर्जन्म कसे, चार आर्यसत्यांची जागा काय, भिक्षू नेमका कशासाठी, असे प्रश्न त्यांनी उघड विचारलेत. त्यामुळे सासऱ्यांशी बोलताना थायलंड, तिबेटचे दाखले देऊन ‘पण बौद्धांत तर देव असतात’ असा वाद घालू नका. जिंकलात तरी उपयोग नाही.

तुम्ही जेवणाचंही विचारलंय. बौद्ध म्हणजे शाकाहारी, हा समज काढून टाका. भिक्षूला भिक्षेत मांस चालायचं, फक्त ते आपल्यासाठी मारलेलं आहे असं पाहिलेलं, ऐकलेलं किंवा तसा संशय असलेलं नको. देवदत्ताने सगळ्यांना मांस बंद करा अशी मागणी केली होती, बुद्धाने ती सक्ती नाकारली. महायान या बौद्ध पंथात काही ठिकाणी मांसाला कडक विरोध आहे, पण इथे तो प्रश्न येत नाही. तुमच्याकडे माळ आहे, त्यांच्याकडे कदाचित मटण होत असेल, हे धर्मावर न नेता स्वयंपाकघराच्या पातळीवर ठरवा. लग्नात साधं शाकाहारी जेवण ठेवलं तर दोन्हीकडे कोणाची हरकत नसते असा माझा अनुभव आहे.

आता लग्न. हिंदू विवाह कायदा 1955 बौद्धांनाही लागू आहे, आणि त्यात दोघांपैकी कोणत्याही एका बाजूच्या रूढ विधीने लग्न लावलं तरी चालतं. म्हणजे बौद्ध पद्धतीने लागलेलं लग्नही तितकंच वैध. (कायदा लागू आहे म्हणून बौद्ध हिंदूच, असं कोणी काका बोलायला लागले तर त्यांना सांगा की केंद्र सरकारने 1993 साली बौद्धांना वेगळा अल्पसंख्याक समाज म्हणूनच अधिसूचित केलंय.) कोणाचीच पद्धत नको असेल तर विशेष विवाह कायदा 1954 आहे, त्यात तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तेवढं कॅलेंडर बघा.

माझा सल्ला विचाराल तर बौद्ध पद्धतीने लावा, आणि हे मी त्यांची बाजू घेऊन म्हणत नाहीये. त्या विधीत तुमच्या आईंना बोलता येणार नाही असं काही नाही. पांढरे कपडे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती, त्रिशरण, पंचशील, मग नवरा-नवरीच्या प्रतिज्ञा, जयमंगल अष्टगाथा आणि फुलं. या प्रतिज्ञा सिगालोवाद सुत्तातून, म्हणजे बुद्धाने सिगाल नावाच्या गृहस्थाला केलेल्या उपदेशातून आल्यात आणि त्यातल्या नवऱ्याच्या पाच ऐका: बायकोचा सन्मान करीन, अपमान करणार नाही, तिच्याशी प्रामाणिक राहीन, घरातला अधिकार तिच्या हाती देईन, आणि दागिने वगैरे देईन. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नवऱ्याला ‘घराचा अधिकार तिला दे’ म्हणून सांगितलंय. आईंना ही यादी वाचून दाखवा, माझी खात्री आहे त्यांना आवडेल, शेवटच्या कलमावर तर नक्की हसतील. उलट तुमच्या पद्धतीने लावायचं तर होम, कन्यादान, भटजी, हे सगळं त्यांच्या प्रतिज्ञांच्या थेट आड येतं. तुमच्याकडे मात्र बौद्ध विधीला बसू नये अशी कुठलीही शपथ कोणी घेतलेली नाही. म्हणून कोण किती वाकतंय याचा हिशोब केला तर तुम्हाला कमी वाकावं लागतंय.

आईंना विठ्ठलासमोर सून आणायचीच असेल तर लग्नानंतर आणा, पण मुलीला आधी विचारून, आणि ती नाही म्हणाली तर तिथेच थांबा. पुढे श्राद्धपक्षाचा प्रश्न येईल, त्यांच्याकडे कोणी गेलं की जलदान आणि पुण्यानुमोदन करतात, पिंड ठेवत नाहीत, तेव्हा तिला पितृपक्षातला स्वयंपाक सोपवण्याआधी आत्ताच बोलून ठेवा. आणि वडिलांकडे परत जाल तेव्हा आईंना बरोबर न्या, एकटे जाऊ नका. पत्रिका, मुहूर्त काढू नका, विधी लावणाऱ्या त्यांच्या बौद्धाचार्यांना भेटून विधीचा क्रम लिहून घ्या आणि प्रतिज्ञा पाठ करा, मराठीतच असतात, पण ऐन वेळी माईकवर अडखळायला होतं.